कुटीतला उजेड आणि कागदावरचा उजेड

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे आराखडे कवितेसारखे वाचता येतात, असे आम्ही मानतो. म्हणून साहित्याला वाहिलेल्या या पानांवर त्यांची समीक्षा करताना आम्हांला संकोच वाटत नाही. अनुभवावाचून आलेला शब्द कवितेत जसा लगेच ओळखू येतो, तशी राहणाऱ्या माणसावाचून आखलेली जागाही आराखड्यात ओळखू येते. शिवाय हा विषय आपल्या घरादारापासून फार दूरचा नाही. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडतात, आणि शाळेची नवी इमारत, वृद्धांचे निवासस्थान, धर्मग्रामाचे सभागृह, क्वचित एखादे चर्चही त्यांच्या हातून उभे राहते. शिकत असताना त्यांच्या मनात जागा आणि प्रकाश यांविषयी जी कल्पना रुजते, तिच्यात पुढे आपल्याला बसायचे असते, गुडघे टेकायचे असतात, आजारपण काढायचे असते.

या विद्यार्थ्यांच्या अभ्यासदौऱ्यांत वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम हे एक मानाचे स्थान आहे. बापूकुटीची मापे घेतली जातात, भिंतीची जाडी नोंदवली जाते, छपराचा सांगाडा उतरवून घेतला जातो. मग परत आल्यावर टेबलावर नवी रचना आकार घेते : ध्यानमंदिर, ग्रामीण शाळा, एखादे अभ्यासकेंद्र. अशी चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतले एक चित्र तर पुनःपुन्हा भेटते. मातीच्या रंगाची रिकामी खोली. छताच्या फटीतून तिरपा उतरलेला प्रकाशाचा पट्टा. आणि त्या पट्ट्यात आपल्याकडे पाठ करून उभी असलेली एकच काळी मनुष्याकृती. तिच्या हातात पिशवी नाही, कडेवर मूल नाही, पायांत चपलाही नाहीत. चित्र देखणे असते. परीक्षकांनाही ते आवडत असावे, नाहीतर त्याची इतकी आवृत्ती निघाली नसती.

आमचा प्रश्न साधा आहे. हा पट्टा कोणत्या महिन्यातला आणि किती वाजताचा? वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत खोलीत थेट उतरणारे ऊन पाहून कोणी ध्यानस्थ होत नाही. अंथरूण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. तीच फट जुलैत पावसाला वाट देते. कागदावरच्या प्रकाशाला मात्र ना ऋतू असतो ना वेळ. तो दागिन्यासारखा खोलीच्या अंगावर घातलेला असतो.

ज्या कुटीपासून हे सारे शिकल्याचे सांगितले जाते, तिच्याकडे आता वळू. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी होणारा टपालाचा घोळ टाळण्यासाठी या गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. आरंभी सर्वांचा मुक्काम आदिनिवासात होता. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मूळची मीराबेनची. मॅडेलीन स्लेड या ब्रिटिश आरमारातील ॲडमिरलच्या कन्येने स्थानिक साहित्य आणि स्थानिक कारागिरांचे हात यांच्या बळावर ती स्वतःसाठी उभी केली, आणि पुढे थोडी वाढवून ती गांधीजींच्या वापरासाठी देण्यात आली. भिंतीवरच्या मातीच्या उठावातली ताडाची झाडे आणि चरखा ही तिच्याच हातची. आराखड्यांच्या शीर्षकात बापूंचे नाव ठळक असते. मीराबेनचे नाव असलेच तर कोपऱ्यात असते. एखाद्या कवितेखाली कवीऐवजी आश्रयदात्याचे नाव छापावे तसाच हा प्रकार, असे आम्हांला वाटते.

कुटीत प्रकाशाचा दागिना कोठेच नाही. मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा आधार, वर कौले. छपराचा पाखा खाली उतरलेला आणि त्याखाली ओसरी. थेट ऊन ओसरीतच अडते, आणि आत पोचतो तो अंगणावरून परतलेला, मऊ झालेला उजेड. बैठक जमिनीवरची आहे. चटईवर बसून पत्र लिहिणाऱ्याच्या मांडीपर्यंत तो उजेड येतो, आणि तेवढा त्याला पुरतो. ही खोली उभ्याने पाहणाऱ्याला काळोखी वाटते आणि बसल्यावर उजळते. वापर आधी ठरला, उजेड त्याच्या मागून आला; विद्यार्थ्यांच्या चित्रांत नेमका हाच क्रम उलटतो.

येथे विद्यार्थ्यांची बाजूही मांडली पाहिजे. ते जी कुटी मोजतात ती रिकामी आहे. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते पुन्हा परतलेच नाहीत, आणि तेव्हापासून कुटी जपली गेली ती स्मारक म्हणून. जेथे पूर्वी माणसांचा राबता होता, कागदपत्रांचे ढीग होते, भेटीला आलेल्यांची दाटी होती, तेथे आता दर्शनाची शांतता आहे. ही शांतता वास्तूचा गुण नव्हे. तो तिच्यातून वापर निघून गेल्याचा परिणाम आहे. विद्यार्थी या परिणामालाच गुण समजतात आणि त्याची प्रतिकृती काढतात. काळी एकाकी आकृती तेथूनच येते. प्रत्यक्षात या कुटीत एकाकीपण फार थोडे होते.

कुटीचे वाचन याहून चांगले करणारा एक माणूस होऊन गेला आणि तो आपल्याच परंपरेतला होता. व्हिएन्नात १९२६ मध्ये जन्मलेले इव्हान इलिच यांनी १९५१ मध्ये रोम येथे धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. न्यूयॉर्कमधल्या पोर्टो रिकन वस्तीत त्यांनी सेवा केली, आणि १९६९ मध्ये धर्मगुरूची कर्तव्ये बाजूला ठेवली. जानेवारी १९७८ मध्ये ते सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्‌घाटनासाठी आले. पहाटे ते कुटीत प्रार्थनेला बसले आणि नंतर आपल्या भाषणात त्यांनी या कुटीचाच अर्थ लावला. कुटीत त्यांना सात प्रकारच्या जागा दिसल्या. पादत्राणे उतरवून मनाची तयारी करण्याची जागा, एखादे मोठे कुटुंब मावेल अशी मधली खोली, गांधीजींची स्वतःची खोली, पाहुण्यांची, आजाऱ्याची, शिवाय उघडी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. या यादीत ‘ध्यानाची जागा’ अशी वेगळी जागा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रार्थना झाली ती मधल्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून, चारचौघांसह. इलिच यांनी चौरस फूट मोजले नाहीत, तिरीप टिपली नाही. कोण कोठे बसेल हे त्यांनी वाचले.

तरीही इलिच यांच्या म्हणण्यातील एक भाग आम्हांला मान्य होत नाही. झोपडी आणि घर यांना त्यांनी समोरासमोर उभे केले; घर म्हणजे माणसापेक्षा त्याच्या सामानसुमानाची सोय पाहणारी जागा, असा त्यांचा रोख होता. पण सेवाग्रामची साधेपणाची कहाणी इतकी सरळ नाही. या गावात जमीन होती जमनालाल बजाज यांची. त्यांच्या पाठबळावाचून आश्रम उभा राहिला नसता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात येथे बसवलेला दूरध्वनी आजही दाखवला जातो. एका विशाल देशाचा पत्रव्यवहार या ओसऱ्यांतून चालत होता. कुटी लहान राहू शकली याचे एक कारण असे की तिच्याभोवती इतर कुट्या, कार्यालय, स्वयंपाकघर आणि राबणारे पुष्कळ हात होते. विद्यार्थी एकटी कुटी उचलून माळावर नेऊन ठेवतो तेव्हा हे सारे सुटून जाते.

त्या परिसरातली एक छोटी कुटी तर आराखड्यांत जवळजवळ दिसतच नाही. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने ग्रासले असता सेवाग्रामला आले. त्यांच्यासाठी आश्रमाच्या आवारातच कुटी झाली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत, त्यांच्या अंगाला मालिश करीत. ज्या काळात कुष्ठरोग्याची जागा गावकुसाबाहेर ठरलेली होती, त्या काळात ही कुटी रोज पायी जाता येईल इतक्या जवळ ठेवली गेली. जागेचा खरा विचार आम्हांला येथे दिसतो. दोन कुट्यांमधले पाऊलवाटेचे अंतर हीच ती रचना, आणि ती मोजायला साधी टेप पुरे. पण ज्या आराखड्यात फक्त बापूकुटीच आहे, त्यात हे अंतर येणार तरी कोठून?

छपराचीही तीच गोष्ट. आश्रमातील सर्वांत मोठी एकत्र येण्याची जागा म्हणजे प्रार्थनाभूमी, आणि तिला छप्परच नाही. उघडे मैदान, जवळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ. प्रार्थना पहाटे आणि संध्याकाळी. त्या वेळी उन्हाचा प्रश्नच उरत नाही. वेळ नीट निवडली तर अर्धी वास्तू बांधावीच लागत नाही, ही गोष्ट कोणत्याही ध्यानमंदिराच्या आराखड्यात आम्हांला अद्याप आढळलेली नाही.

वर्ध्यातच गोपुरी येथे विनोबांच्या हस्ते १९८० मध्ये उघडलेले गीताई मंदिर आहे. तेथेही छप्पर नाही आणि मूर्तीही नाही. गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा उद्यानात उभ्या आहेत. शिळांच्या मांडणीतून गाय आणि चरखा यांच्या आकृती साधल्या आहेत, असे सांगितले जाते. विद्यार्थी या आकृतींवर लुब्ध होतात. आमच्या मते ही त्या रचनेची दुबळी बाजू आहे, कारण जमिनीवरून चालणाऱ्या भाविकाला त्या कधी दिसत नाहीत; त्या फक्त नकाशात दिसतात. त्या मंदिराचे बळ अक्षरांत आहे. सकाळी तिरप्या उन्हात कोरीव अक्षराच्या कडेला सावली धरते आणि ओळ स्पष्ट वाचता येते; माध्यान्ही ऊन डोक्यावर आले की तीच ओळ फिकी पडते. वाचकाला वेळ सांगणारी ही भिंत आहे. येथे प्रकाशाला काम आहे.

सेवाग्रामकडून शिकावे कसे, याचे एक उदाहरण चार्ल्स कोरिया यांचे. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले हे वास्तुकार. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये त्यांनी पुरे केले, तेव्हा त्यांनी कुटीची नक्कल केली नाही. सहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी खोल्या, विटांचे खांब, कौले, आणि खिडक्यांना काचेऐवजी उघडझाप करता येणाऱ्या लाकडी झडपा. काही खोल्या बंद, काही उघड्या, मध्ये पाणी. आणि गरज पडेल तशी आणखी खोली जोडता येईल अशी मांडणी. मातीचा रंग उसना घेण्याऐवजी त्यांनी कुटीचा नियम घेतला. दादरच्या पोर्तुगीज चर्चची, म्हणजे साल्व्हासांव चर्चची, नवी वास्तू १९७०च्या दशकात त्यांनीच रचली. तेथे झाकलेल्या जागा आणि आकाशाला उघडी अंगणे एकमेकांत गुंफलेली आहेत, आणि वरच्या काँक्रीटच्या उंच छतांतून प्रकाश उतरतो. हाही वरून उतरणारा प्रकाशच, मग विद्यार्थ्याच्या पट्ट्याला आम्ही नावे का ठेवावीत? फरक असा की येथे तो लोकांवर पडतो; तो पाहायला कोणी उभे राहत नाही, त्याखाली बसून मिस्सा ऐकली जाते. पावसाळी मुंबईत उघड्या अंगणांची अडचण होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मिस्सा संपल्यावर लोक एकदम रस्त्यावर फेकले जात नाहीत. अंगणात थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. हे थांबणेदेखील रचनेचाच भाग आहे.

तेव्हा परीक्षकमंडळांनी प्रकाशाविषयीचे सुंदर परिच्छेद ऐकून घेण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्या आजीबाई ओली छत्री कोठे ठेवतील? रडणाऱ्या बाळाला घेऊन आई कोठे जाईल, आणि तेथून तिला वेदी दिसेल का? शवपेटी दारातून आत आणताना चार खांदेकऱ्यांना वळता येईल का? मातीची भिंत काढली असेल तर पावसाळ्यानंतर तिचे लिंपण कोण करणार, आणि तो माणूस आराखड्यात कोठे आहे? बापूकुटी आज उभी आहे ती अशा हातांमुळे; माती दर वर्षी हात मागते.

आणि अभ्यासदौऱ्याची वेळही बदलून पाहावी. हे दौरे हिवाळ्याच्या सोयीने आखले जावेत हे स्वाभाविक आहे; पण एखादा दौरा मे महिन्यात न्यावा. पहिला दिवस टेप हाती न घेता, ओसरीत बसून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नुसती नोंद करावी : ऊन कोठे आले, कोण कोठून उठले, कोठे जाऊन बसले. मोजमाप दुसऱ्या दिवशी सुरू करता येईल.