मोडलेला नियम आणि नसलेला नियम

इंग्रजीत ‘ॲनोमी’ हा शब्द दोनदा आला. पहिल्यांदा सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ग्रीक ‘अनोमिआ’वरून. ‘नोमोस’ म्हणजे कायदा, रीत. आणि आधीचा ‘अ’ हा आपल्या ‘अनीती’तल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. अर्थ होता कायद्याची, विशेषतः देवाच्या कायद्याची, पायमल्ली. पुढे हा शब्द वापरातून गेला.

दुसऱ्यांदा तो फ्रेंचमधून परतला. समाजशास्त्राची पाठ्यपुस्तकं ही गोष्ट बहुधा एमिल दुर्खीमपासून सुरू करतात. त्यात सोय आहे, पण इतिहास अर्धा राहतो. ज्याँ-मारी ग्युयोने १८८५मध्येच हा शब्द चांगल्या अर्थाने वापरला होता: सर्वांना सारखा लागू असा नियम वरून लादलेला नसेल, तर माणूस आपली नीती स्वतः घडवेल. दुर्खीमने १८९३मध्ये त्याच शब्दाला आजाराचं नाव केलं. ग्युयोला वगळलं की हा वादच दिसेनासा होतो आणि एका बाजूचं मत व्याख्या वाटू लागतं.

तरी दुर्खीमचं श्रेय मोठं आहे. आम्हा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ‘फॉल्स’ आणि ‘नल’ यांतला फरक लवकर शिकावा लागतो: उत्तर ‘नाही’ असणं वेगळं, उत्तरच नसणं वेगळं. जुन्या ‘ॲनोमी’त नियम होता आणि माणसाने तो मोडला होता. दुर्खीमच्या अर्थात नियमच विरलेला आहे. १८९७च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात तो दाखवतो, की १८७३च्या मंदीनंतर व्हिएन्नात आत्महत्या वाढल्या, आणि एकीकरणानंतर भरभराटीला लागलेल्या इटलीतही वाढल्या. म्हणजे कारण केवळ गरिबी नव्हे. किती मिळालं म्हणजे पुरे, हे सांगणारं माप हरवणं, हे कारण.

१९३८मध्ये रॉबर्ट मर्टनने त्याला आणखी वळण दिलं: अमेरिकेत श्रीमंतीचं स्वप्न सगळ्यांना वाटलं जातं, तिथवर नेणारे सरळ मार्ग मात्र सगळ्यांना मिळत नाहीत.

तीनशे वर्षांत या शब्दातला दोष माणसाकडून समाजाकडे सरकला. आपण मात्र आत्महत्येची बातमी वाचताना अजूनही आधी ‘मनाने कच्चा होता’ म्हणतो. शब्द पुढे गेला; आपलं वाचन त्याच्या जुन्या अर्थापाशीच थांबलं आहे.