‘स्वदेस’मधला दिवा आणि बिलगावचा दिवा

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जे चित्रपट पुनःपुन्हा पाहिले जातात, त्यांत आमच्या घरी ‘स्वदेस’चा मान पहिला. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट १७ डिसेंबर २००४ रोजी पडद्यावर आला, तेव्हा थिएटरांत त्याला म्हणावी तशी गर्दी झाली नाही. पुढे मात्र घराघरांतून त्याला लोभ मिळाला. माझ्या वर्गातल्या मुलांनाही तो पाठ आहे. मीही तो तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा डोळे पुसले. तेव्हा आज त्यातले जे उणे मी सांगणार आहे, ते एका प्रेमी प्रेक्षकाचे उणे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आधी त्याचे गुण सांगतो. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेत काम करणारा मोहन भार्गव आपल्या कावेरीअम्माला शोधत चरणपूर नावाच्या खेड्यात येतो. गाव उत्तर प्रदेशातले, असे कथा सांगते; पण नदीचा घाट पाहताच मराठी डोळा ओळखतो, की ही आपल्या वाईजवळची मेणवली. ह्या गावात मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवतात, तेव्हा पडद्याच्या एका बाजूस उच्चवर्णीय बसतात आणि मागल्या बाजूस बाकीचे. मोहन तो पडदा दूर करतो आणि मुलांना आकाशातले तारे दाखवतो. प्रसंग साधा आहे, पण लेखकाने हेवा करावा असा आहे. त्याहून मोठा प्रसंग हरिदासाचा. पिढीजात विणकाम सोडून शेती करू पाहणाऱ्या ह्या माणसाला गाव पाणी देत नाही. त्याच्याकडे खंड वसूल करावयास गेलेला मोहन रिकाम्या हाताने परत येतो. वाटेत एका स्टेशनावर एक पोर पंचवीस पैशांना मातीच्या भांड्यातून पाणी विकते, आणि तोवर बाटलीतलेच पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो. एकही भाषण न करता माणूस बदललेला दाखवणे किती कठीण असते, हे कादंबरी लिहिणाऱ्याला विचारावे!

नंतर मोहन गावकऱ्यांना जमवतो, पाणी अडवतो आणि त्यावर वीज निर्माण करतो. दिवा पेटतो, एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा उजळतो आणि आपले डोळे भरून येतात. माझी तक्रार सुरू होते, ती ह्याच दिव्यापासून.

ह्या दिव्याची मूळ प्रेरणा आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली आहे, असे सांगितले जाते. सातपुड्यात, अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, उदई नदीकाठी बिलगाव नावाचे गाव आहे. वस्ती पावरा आणि भिल्ल आदिवासींची. तेथे जानेवारी २००३ मध्ये धबधब्याच्या पाण्यावर चालणारे लहानसे वीजघर सुरू झाले. केरळातून आलेल्या तंत्रज्ञांनी आखणी केली आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. ह्या कामाला ज्यांचे पाठबळ होते, त्यांत परदेशस्थ भारतीयांची एक संघटना होती : ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’. रवी कुचिमंची ह्या मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून अमेरिकेस गेलेल्या तरुणाने १९९१ साली मेरीलँड विद्यापीठात ती सुरू केली. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री भारतात येऊन काम करू लागले.

आता दोन्ही दिवे शेजारी ठेवून पाहू.

चरणपूरला दिवा लागतो आणि कथा सुफळ संपूर्ण होते. बिलगावच्या दिव्याची कथा तेथे संपली नाही. हे गाव सरदार सरोवराच्या छायेत होते. त्या धरणाने महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. १९८५ साली जागतिक बँकेने त्यासाठी ४५ कोटी डॉलरांचे कर्ज कबूल केले होते. खोऱ्यातल्या लोकांचा लढा आणि त्यांच्या परदेशांतल्या मित्रांची ओरड, दोन्ही वाढत गेली. बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. तिचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. धरण मात्र थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बांधकामास वाट मोकळी केली. २००६ साली उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याचे पाणी उदईच्या खोऱ्यात चढले. बिलगावचे वीजघर बुडाले.

ज्या गावाने आपल्या श्रमाने दिवा लावला, त्याचा दिवा देशाच्या विकासाच्या नावाने विझला. चित्रपट आला तेव्हा हे घडायचे होते, म्हणून त्याचा दोष दिग्दर्शकाला देता येत नाही. पण धरणाचे भय तर बिलगावच्या उंबऱ्यावर आधीपासून उभे होते. चित्रपटाने दिवा घेतला, भय वगळले. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की चरणपुरात आदिवासीच नाही. पावरा गेला, भिल्ल गेला, जमिनीचा सवाल गेला. उरले आळसावलेले, जातीपातीत अडकलेले एक गाव आणि त्याला जागे करणारा एक हुशार मुलगा. बिलगावच्या माणसांना कोणी जागे करावयाचे नव्हते. त्या खोऱ्यातले लोक १९८०च्या दशकापासून लढत होते. मुलांसाठी सरकारी शाळा नावाच्याच, म्हणून त्यांनी जीवनशाळा काढल्या होत्या. परदेशांतून आलेले तरुण तेथे शिकवावयास जितके गेले, तितकेच शिकावयास गेले.

ह्या तरुणांचे खरे काम तरी काय होते? वीजघर हा त्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे पत्रे लिहिणे, निवेदनांवर सह्या गोळा करणे, पुनर्वसनाचे कागद तपासणे, ‘जमीन दिली’ असे म्हणता तर कोठे दिली, हे विचारणे. शेजारच्या मध्य प्रदेशात ह्याच धरणाच्या पुनर्वसनात जमीनखरेदीची बनावट खते झाल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००८ साली उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती झा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१६ साली आला. दलाल आणि अधिकारी ह्यांच्या संगनमताने विस्थापितांच्या नावावर आलेला पैसा कसा जिरला, हे त्याने पुढे आणले. असल्या कामात पडद्यावर दाखवण्यासारखे काही नसते. फायलीवर गाणे होत नाही, हे मी कथालेखक म्हणून समजू शकतो. पण त्यामुळे आपल्या मनात परदेशस्थाचे एक सोयीचे चित्र तयार होते : त्याने यावे, दिवा लावावा, आणि प्रश्न विचारू नयेत.

कोणी म्हणेल, दूर बसून बोलणे सोपे असते. हा आक्षेप खोटा नाही. बोस्टनमध्ये निदर्शन करणाऱ्याची जमीन बुडत नाही, आणि धरण हवे म्हणणारेही परदेशस्थांत होतेच; कच्छ-सौराष्ट्राची तहान त्यांनी पाहिली होती. दुरून बोलणाऱ्याने खोऱ्यातल्या माणसाच्या पुढे उभे राहू नये, हे खरेच. पण दूर असण्यात एक बळही असते. त्याला तलाठ्याची भीती नसते, संस्थाचालकाची नसते. दादाभाई नौरोजी लंडनमध्ये राहूनच हिंदुस्थानच्या लुटीचा हिशेब मांडीत होते. ‘तिकडे बसून तुम्हांला काय कळते?’ असे आपण त्यांना विचारीत नाही.

हे मी आज इतक्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगून टाकतो. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत आहे. काही वर्षांपूर्वी त्याने गावच्या वाचनालयासाठी पैसे पाठवले. आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिले, भाषणे केली. मी माझ्या भाषणात त्याला मोहन भार्गव म्हटले. पुढे तो सुट्टीत आला असता पाड्यांवरच्या मुलांच्या वसतिगृहात सहज डोकावला. मुले थंडीत फरशीवर निजलेली पाहिली. परत गेल्यावर त्याने अनुदानाचा हिशेब मागणारे पत्र लिहिले. मग त्याच गावात त्याच तोंडांनी सुरू झाले : ‘याला तिकडे बसून उठाठेवी कशाला?’ त्याने मलाही पत्र घातले : ‘गुरुजी, चादरी किती आहेत, तेवढे मोजून कळवाल का?’

वसतिगृह माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी उत्तर दिले नाही. नोकरी, संस्था, शेजार, सारे आडवे आले. त्याच हिवाळ्यात मी ‘स्वदेस’ तिसऱ्यांदा पाहिला आणि डोळे पुसले. ते अश्रू खोटे होते असे म्हणवत नाही. पण फार स्वस्त होते, एवढे कळते.

म्हणून वाचकहो, ह्या सुट्टीत मुलाबाळांसह ‘स्वदेस’ जरूर पाहा. दिवा लागेल तेव्हा त्यांना बिलगावचे नाव सांगा, आणि तेथला दिवा कसा विझला तेही सांगा. चित्रपटाला त्याने कमीपणा येणार नाही. त्याची अर्धी राहिलेली कथा पुरी होईल.

माझ्यापुरते सांगायचे, तर त्याला उत्तर लिहावयास घेतले आहे. काल संध्याकाळी वसतिगृहात जाऊन आलो. मुले बेचाळीस आहेत, चादरी एकोणीस.