शेण कोणी काढायचं?

ओरोसला एका कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. भिंतीवर पाटी : ‘शिस्त पाळा’. शिपाई एका म्हाताऱ्याला खेकसला, “गप रांगेत ऱ्हव!” मागनं आलेल्या परीटघडीच्या पाव्हण्याला मात्र, “येवा, बसा.” पाटी एकच, शिस्त दोन. मला तिथंच उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आठवलं.

‘आयदान’ २००३ साली आलं. त्यातलं फणसवळं रत्नागिरीचं; १९८१ पर्यंत आमचं ओरोसही त्याच जिल्ह्यात होतं. पांढरपेशा समीक्षकांनी पुस्तकाला ‘प्रामाणिक’, ‘हृदयद्रावक’ म्हटलं आणि हात धुतले. माझं भांडण तिथंच आहे. हे पुस्तक नुसतं रडगाणं नाही. शिस्त म्हणजे काय, याचा तो विचार आहे.

शाळेतला प्रसंग घ्या. गुरुजी पोरीला शेण काढायला सांगतात. ती नाही म्हणते. थोबाडीत बसते. गुरुजींच्या लेखी ही शिस्त. पण आयदानं विणून पोरं वाढवणारी आई गुरुजींनाच जाब विचारते : माझ्या पोरीचा गुन्हा काय?

हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांना सुचलेला नाही. मिशेल फुको यांचं तुरुंगाच्या जन्मावरचं पुस्तक १९७५ साली फ्रेंचमध्ये आलं. शाळा, बराकी, कारखाना, तुरुंग माणसाला नजरेखाली ठेवतात, वेळापत्रकात बसवतात, परीक्षा घेऊन त्याची पायरी ठरवतात, असं ते सांगतात. बरोबर आहे. पण बाबांनो, आपल्याकडं पायरी ठरवायला परीक्षा लागतच नाही. पोरगी पाटी-पेन्सिल घेऊन येण्याआधीच तिचं काम ठरलेलं असतं.

आणि हे जुनं झालं, असं म्हणू नका. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटात त्यांना तारेच्या कुंपणात हजेरी द्यावी लागे. कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत तर झाडलोट एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, असं छापलेलं होतं. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षं शेण कोणी काढायचं ते सरकारी कागदावर लिहिलेलं होतं!

‘आयदान’ इथंच थांबत नाही. शिकणाऱ्या, सभेला जाणाऱ्या बायकोला नवराही धाक घालू बघतो, हे बाई लपवत नाहीत. आपल्यातल्या काहींना ते झोंबलं. झोंबू दे! गुरुजींची छडी दिसते आणि घरातली दिसत नाही, ही कसली चळवळ?

मी शिस्तीच्या विरोधात नाही. रांग सगळ्यांना सारखी असेल तर मी पहिला उभा राहीन. पण शिस्तीची पाटी दिसली, की त्या आईचा प्रश्न आधी विचारीन. दाखला उद्या मिळाला तरी चालेल.