भयपटाला उपदेशाचा टेकू नको

‘लपाछपी’बद्दल आजही कुणी लिहायला बसलं, की पहिल्या दोन ओळींत स्त्रीभ्रूणहत्या येते. चित्रपट २०१७च्या जुलैत आला. विशाल फुरिया यांनीच २०२१मध्ये त्याचा हिंदीत ‘छोरी’ केला आणि २०२५मध्ये ‘छोरी २’ही आला. तरी आमची समीक्षा जागची हललेली नाही. विषय महत्त्वाचा आहे, संदेश पोहोचतो, सबब चित्रपट चांगला. मग ज्यात हे सगळं घडतं त्या उसाचं काय? दिवसाढवळ्या, डोक्यावर ऊन असताना अंगावर काटा येतो त्याचं काय? भयपटाचं परीक्षण लिहिणाऱ्याला भीतीबद्दल एक परिच्छेदही लिहावासा वाटत नाही, हे मला फार दिवस खुपतं आहे.

मी शिरूर-दौंड पट्ट्यातला. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या पाण्यावर इथला ऊस पोसला जातो. आडसाली लागण दीड वर्ष शेतात उभी असते. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की सरीत शिरलेल्याला चार हातांपलीकडचं दिसत नाही. खाली वाळलं पाचट पडलेलं असतं, त्यावर आपलंच पाऊल मागून कुणी येत असल्यासारखं वाजतं. रात्रपाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं, आणि त्याच उसात बिबट्या राहतो, तिथंच त्याची पिल्लं होतात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यानं लहान मुलं नेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतात जाताना बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. मान वाचवण्यासाठी माणसाला पट्टा घालावा लागतो असा हा मुलूख आहे. इथल्या प्रेक्षकाला उसाची भीती शिकवावी लागत नाही.

फुरिया यांचं मोठेपण इथं आहे. दिवस भरत आलेली नेहा उसाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन पडते, तेव्हा वाडा, वटवाघळं, कंदील यांतलं काहीही त्यांना लागत नाही. सगळीकडे सारखंच हिरवं, दिशा कळत नाही, पानांची सळसळ थांबत नाही आणि मुलांच्या खेळण्याचा आवाज नेमका कुठून येतो ते ठरवता येत नाही. पूजा सावंत यांनी नेहाची दमछाक अंगानं केली आहे. जड शरीर घेऊन पळताना श्वास कसा तुटतो ते त्यांच्याकडे बघून कळतं. आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. तिच्या मायेच्या बोलण्यात इतकी कमी फट आहे की ती कधी बदलली ते लक्षात येत नाही. जेवायला वाढणारा हात आणि धाक घालणारा हात एकच आहे, हे त्या एका नजरेत सांगतात. मराठी भयपटानं गेल्या पंधरा-वीस वर्षांत कमावलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे. शेवटाकडे चित्रपट कारणं सांगू लागतो, कुणी काय पाप केलं याचा हिशेब मांडू लागतो, आणि तिथंच भीती पातळ होते. आमच्या परीक्षणांनी उचलून धरला तो नेमका हाच भाग.

बाकीच्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या पाण्याचा प्रश्न होता, झोंबी होते, भय नव्हतं. ‘अल्याड पल्याड’कडे गाव रिकामं करण्याच्या प्रथेसारखी सोन्याची कल्पना होती, ती विनोदात गेली. फुरियांचाच ‘बळी’ इस्पितळाच्या बोळांत फिरून दमला. ‘तुंबाड’ माझ्या मते भारतीय भयपटांतला सर्वोत्तम. २०१८मध्ये अर्धवट पाहिला गेला आणि २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. पण सासवडच्या वाड्यात चित्रित झालेला, नारायण धारपांच्या कथेची ठिणगी घेतलेला हा चित्रपट हिंदीत बोलतो. ‘मुंज्या’ही आपल्या कोकणातला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपले, भाषा हिंदी, आणि दर पाच मिनिटांनी हसवण्याची सक्ती. ‘स्त्री २’बद्दल काहीच म्हणायचं नाही.

हसवण्याची ही सक्ती कुठून आली? ‘झपाटलेला’च्या यशातून. १९९३चा महेश कोठारे यांचा तो चित्रपट १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेला, म्हणजे मुळात स्लॅशरच, खुनी एकेकाला गाठून मारतो तो भयपटाचा प्रकार. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि बाहुला माणसं मारत सुटतो. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तात्या विंचू खरोखर भीतिदायक होता. खेळण्यातल्या बाहुल्याकडे पाठ करून झोपायला घाबरणारी एक अख्खी पिढी त्यानं घडवली. परंतु निर्मात्यांनी त्यातून धडा घेतला तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हशाचा. तेव्हापासून मराठी भुताला एकट्यानं पडद्यावर यायची परवानगी नाही. त्याच्यासोबत एक विनोदी नट तरी हवा, नाहीतर एक सामाजिक प्रश्न तरी.

आता पोरांकडे बघा. शिरूरच्या एसटी स्टँडवर, दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, रांजणगाव एमआयडीसीतल्या भाड्याच्या खोल्यांत सोळा ते वीस वयाची मुलं ‘स्क्रीम’ बघतात, ‘फायनल डेस्टिनेशन’ बघतात. हिंदी डबिंगमध्ये, एका मोबाइलवर चौघं वाकून. ती पडद्याशी बोलतात. “मागं बघ की!”, “एकटी नको जाऊ!” असं ओरडतात, आणि पुढचा मरणार कोण यावर पैज लावतात. याला आमच्यातले जाणते बीभत्स चवीचं लक्षण म्हणतात. माझ्या लेखी ही रसिकता आहे. त्या मुलांना प्रकाराचे नियम तोंडपाठ आहेत. दिग्दर्शकानं नियम पाळला की ती टाळी देतात, मोडला की गप्प होतात. शेजारी जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या तमाशाच्या फडांपुढं वगाला समोरून उत्तर देणारा प्रेक्षक याच जातीचा होता. त्याचं आपण कौतुक करतो आणि त्याच्या नातवंडांना नावं ठेवतो.

अमेरिकेत ही चूक फार आधी होऊन गेली. १९८०मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला तेव्हा जीन सिस्केल यांच्यासारख्या नामवंत समीक्षकानं रागानं परीक्षणातच शेवट फोडला आणि वाचकांना अभिनेत्री बेट्सी पामर यांच्याकडे निषेधाची पत्रं धाडायला सांगितलं. सुमारे साडेपाच लाख डॉलरांत झालेल्या त्या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या आसपास मिळवले. मला तो चित्रपट ओबडधोबड वाटतो. तरी त्यात काय चाललं आहे हे समजून घ्यायला समीक्षेला बरीच वर्षं लागली. १९८७मध्ये अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी दाखवून दिलं की या चित्रपटांतला प्रेक्षक, मग तो पुरुष का असेना, अखेरीस शेवटच्या जिवंत मुलीच्या बाजूनं उभा राहतो. ‘हॅलोविन’ची सुरुवात खुन्याच्या डोळ्यांतून होते, पण शेवटी आपण नायिका लॉरीबरोबर कपाटात दडलेलो असतो, तिचा श्वास आपला होतो.

“असल्या चित्रपटांनी मुलं बिघडतील,” असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुण्यात अल्पवयीन मुलं हातात कोयता घेऊन गल्लीत दहशत माजवतात. २०२३च्या सुरुवातीला कोयता विकताना ओळखपत्र बघण्याच्या सूचना पोलिसांना द्याव्या लागल्या. कोयता हे ऊसतोड्याचं हत्यार; सकाळपासून मोळ्या बांधेपर्यंत त्याच्या हातात असतं. ते गल्लीतल्या पोराच्या हातात गेलं, ते काय मराठी स्लॅशर बघून? मराठीत निखळ स्लॅशर तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे आहेत ते ‘मुळशी पॅटर्न’च्या वाटेवरचे चित्रपट. तो मूळ चित्रपट जमिनीच्या दुःखातून आला हे मान्यच, पण त्याच्यामागून आलेली रांग कॅमेरा कोयता धरणाऱ्याच्या खांद्याशी लावते, संथ चाल देते, पार्श्वसंगीत देते, आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. त्यांना कुणी बीभत्स म्हणत नाही. स्लॅशर तोच कोयता समोरून दाखवतो, वार झेलणाऱ्याच्या बाजूनं. तशी वाट आपल्याकडे एकदा दिसलीही होती. जोशी-अभ्यंकर प्रकरणात खून करणारे पुण्यातले कॉलेजवयीन तरुण होते. त्यावरचा ‘माफीचा साक्षीदार’ १९८६मध्ये आला, लोक नाना पाटेकरांच्या डोळ्यांबद्दल बोलत राहिले, आणि पुढं त्या वाटेनं मराठी चित्रपट गेलाच नाही.

आणि भीतीला संदेश लागतो म्हणणाऱ्यांना मी ‘सैराट’ची आठवण करून देतो. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव, म्हणजे तो आमच्याच बाजूचा चित्रपट. त्याचा शेवट कुणी भयपट म्हणून वाचला नाही. तो मी तसाच वाचतो. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात उभी राहतात. नायिका आर्ची चहा टाकते. आपल्याला तिच्या आधी कळलेलं असतं आणि आपण तिला ओरडून सांगू शकत नाही. हा शुद्ध स्लॅशरचा क्षण आहे. वार दाखवलेला नाही, आवाज काढून घेतला आहे, उरतात ती लहानग्या पोराची रक्ताळलेली पावलं. जातीवर एक वाक्य उच्चारलेलं नाही. ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचलेलं थिएटर तिथं मुकं झालं. शेवटी आकडेवारीची एक पाटी टाकली असती, एका प्राध्यापकाच्या तोंडी दोन वाक्यं घातली असती, तर ती भीती बोथट झाली असती आणि तिच्यासोबत जातीचा प्रश्नही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. उसाच्या पट्ट्यातल्या मुलामुलींचा, त्यांच्या भाषेतला, निव्वळ घाबरवणारा चित्रपट मराठीत व्हायला हवा. गळीत हंगाम संपत आलाय, अर्धं शिवार तुटलंय, अर्धं उभं आहे. बारावीची परीक्षा आटोपलेली पाच-सहा पोरं-पोरी, मोठी माणसं जत्रेला गेलेली, मोबाइलला रेंज नाही. खुनी कोण, तो का मारतो, हे शेवटी समजावून सांगायची गरज नाही. सेन्सॉर बोर्डाकडे आता सोळा वर्षांवरच्यांसाठी ‘यूए’ची स्वतंत्र पायरी आहे, ती मागा, म्हणजे ज्यांच्यासाठी चित्रपट काढला त्यांना तिकीट मिळेल. तालुक्याच्या गावी त्याला दुपारी बाराचा रिकामा खेळ देऊ नका, संध्याकाळचा द्या. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी तो त्या पोरांच्या गर्दीत बसून बघावा, आणि त्यांचा आवाज कुठं चढला, कुठल्या दृश्याला कुठल्या कारणानं बसला, ते आधी लिहावं.