गणवेशातल्या मुली

दिवाळीच्या फराळाबरोबर एक जुना जर्मन बोलपट वाचकांपुढे ठेवतो आहे, याचे नवल वाटू देऊ नका. १९३१ सालच्या ‘मेडशेन इन उनिफॉर्म’मध्ये, म्हणजे ‘गणवेशातल्या मुलीं’मध्ये, एकही पुरुष पडद्यावर येत नाही. दिग्दर्शन लिओन्टिने सागान यांचे, मूळ नाटक क्रिस्टा विन्स्लो यांचे. विन्स्लोबाई स्वतः पोट्सडॅमच्या अशाच शाळेत शिकल्या होत्या. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींचे हे वसतिगृह. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, चापून बांधलेले केस, आणि पोरींनी भूक सोसली तरच प्रशिया पुन्हा उभा राहील असे मानणाऱ्या मुख्याध्यापिका.

तिथे आईवेगळी मानुएला येते. बेर्नबुर्गबाई रोज रात्री प्रत्येक मुलीच्या कपाळावर ओठ टेकून निरोप घेतात. पोरी दिवसभर त्या क्षणाची वाट पाहत असतात. मानुएला बाईंच्या गळ्यातच पडते, आणि तिला मिळालेला निरोप इतरांहून वेगळा असतो. पुढे तिचे फाटके कपडे पाहून बाई आपला एक आतला सदरा तिला देतात. शाळेत शिलरचे ‘डॉन कार्लोस’ होते. त्यात नायक झालेली मानुएला नाटकानंतर पंच पिते आणि सगळ्यांदेखत आपले प्रेम व त्या सदऱ्याची गोष्ट सांगून टाकते. तेवढ्यात मुख्याध्यापिका तिथे हजर!

पोरवयातली भाबडी गुरुभक्ती, असे म्हणून कित्येक जण हे सारे बाजूला सारतात. मला ते पटत नाही. पोरीच्या बाजूने हे प्रेमच आहे. सागानबाईंनी त्याची थट्टा केलेली नाही, की त्याला ओवाळलेही नाही. माझा राग आहे तो बेर्नबुर्गबाईंवर. वर्गातले एखादे पोर मनात अधिक घर करते, हे कोणता मास्तर नाकारील? पण ते त्या पोराला कळू द्यायचे नसते. सदरा देण्याला मी दया म्हणेन. तो वेगळा निरोप मात्र द्यायला नको होता. आणि इतके जवळ घेतल्यावर, वरून हुकूम येताच ‘आता भेटायचे नाही’ म्हणून सांगायचे! बाई मुख्याध्यापिकांशी भांडतात, पण तोवर पोर जिन्याच्या कठड्याशी पोचलेली असते. (या दोघी नटी, हेर्टा टीले आणि डोरोथिआ वीक, एकाच वर्षी, १९०८ साली जन्मलेल्या. पडद्यावर हे खरे वाटत नाही.)

नाटकात मानुएला मरते. चित्रपटात मैत्रिणी तिला वाचवतात. कादंबरीकार या नात्याने मला आधी मृत्यूच योग्य वाटला असता. पण इथे रांगेत चालायला शिकवलेल्या पोरी कुणाचीही परवानगी न मागता रांग मोडून धावतात. बाईंना जे वेळेवर जमले नाही, ते त्या करतात. १९५८ साली रोमी श्नायडरला घेऊन हीच कथा रंगीत झाली. देखणी आहे, इतकेच.

अखेरीस मुख्याध्यापिका काठी टेकीत, कोणाकडे न पाहता, अंधाऱ्या बोळातून निघून जातात. बाहेर लष्करी बिगूल वाजत असतो. दोनच वर्षांनी, १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला.