नोंदवहीतला हमाल आणि कवितेतला हमाल

आमच्या साहित्यात कामगार येतो तो एक तर घाम गाळत, नाही तर मूठ आवळून. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (1966) मराठीला मिळाले. उर्दूत कैफी आझमींनी 'मकान'मध्ये इमारत बांधून फुटपाथवर झोपणारा मजूर उभा केला. हे ऋण आम्ही मानतो. पण लढून काही पदरात पडल्यावर ह्या कामगाराचे पुढे काय झाले? ते जपताना, गमावताना तो कोणाला दिसला? इथे आमचे लेखक, मराठीतले आणि उर्दूतलेही, गप्प आहेत.

वाशीचा बाजार पाहा. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळे हे घाऊक व्यापार मुंबईतून टप्प्याटप्प्याने इकडे आले. भाजी आणि फळे 1996 मध्ये. त्यांच्याबरोबर माथ्यावर ओझे वाहणारा माथाडीही आला. ह्याचे दुखणे गिरणी कामगारापेक्षा वेगळे होते. गिरणी कामगाराला निदान मालक होता, फाटक होते. हमाल आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या. पाठ मोडली की प्रत्येक शेठ म्हणायला मोकळा, "हा माझा माणूस नव्हे." भांडवलाला एवढी सोयीची जागा दुसरी नाही: काम आहे, कामगार आहे, मालक मात्र कोणीच नाही.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला आणि ही पळवाट बुजली. शासन, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ. मालकाचीही नोंद, हमालाचीही. मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेली लेव्ही. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेली संघटना होती. रस्त्यावरची ताकद विधिमंडळापर्यंत नेली की लोकशाही मतपेटीत न थांबता गोणीपर्यंत पोहोचते, ह्याचा इतका रोकडा पुरावा आम्हांला दुसरा माहीत नाही. ह्यावर कादंबरी का नाही? नोंदवही रुक्ष असते म्हणून?

शाहीर अमर शेख गेले तेही 1969 मध्येच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत राबलेले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात डफ घेऊन उभे राहिलेले. आम्ही त्यांचे नाव अभिमानाने घेतो, वारसा मात्र अर्धाच घेतो. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आम्ही अस्मितेवर लिहिले, दंगलीवर लिहिले, तलाकवर लिहिले. लिहायलाच हवे होते. पण 2006 च्या सच्चर अहवालाने दाखवून दिले की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यात, असंघटित कामात जास्त आहे. म्हणजे हातगाडीवाला, जरीवाला, गॅरेजमधला पोरगा. कोणत्याच वहीत नाव नसलेला. त्याच्या कथेत आम्ही दाढी-टोपी रंगवतो, मजुरीचा दर विचारत नाही! आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'मजदूर' ह्या विषयावरच्या निबंधात मुले छिन्नी-हातोडा लिहितात, बापाची हातगाडी लिहीत नाहीत. निबंधाचा हा नमुना त्यांना आमच्याच पुस्तकांनी दिला.

खाजगीकरण-उदारीकरणाने कायदा एका फटक्यात मोडला नाही. 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. शेतकऱ्याला मोकळीक हवी, हे आम्हांला मान्य आहे. पण माल बाजाराबाहेर उतरला की हमालाची नोंद कोण करणार? मग 2023 मध्ये माथाडी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. कारण दिले गेले ते बोगस माथाड्यांच्या खंडणीचे. ती तक्रार सगळीच खोटी नाही. माथाडीच्या नावावर गुंडगिरी करणारे आहेत, त्यांना तुरुंग आहे. पण गुंडासाठी कामगाराची व्याख्या का बदलायची? यंत्राच्या मदतीने होणारे काम अंगमेहनतीचे मानायचे की नाही, ह्यावर तो वाद होता. काट्यावर गोणी यंत्राने चढली आणि पुढे माणसाने उचलली, तर तो माणूस कोण?

एक शब्द अरुंद केला की हजारो माणसे वहीबाहेर जातात. शब्द हा तर आम्हां लिहिणाऱ्यांचा धंदा. त्या डिसेंबरात माथाड्यांनी बंद पुकारला. त्या बंदावरची एकही कविता, मराठी वा उर्दू, अजून आमच्या वाचनात आलेली नाही.