'रायट' : एका शब्दाची झडती

मागच्या वर्षी बी. ए.च्या वर्गाला मी भाषांतरासाठी एक इंग्रजी उतारा दिला. विषय अमेरिकेतील टल्सा शहर, साल १९२१. 'रेस रायट'चे भाषांतर बहुतेक मुलांनी 'वांशिक दंगल' असे केले आणि मी पूर्ण गुण दिले. कोशाप्रमाणे ते बरोबरच होते. घरी वडिलांना ती हकीकत सांगितली. ते शाळेची पायरी न चढलेले. म्हणाले, "दंगल कुस्त्यांची असती. तिथं जोड बघून लावतेत. हितं जोड कुठं हाय?"

खरोखर, जोड कुठे होती? ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्यांचा सशस्त्र जमाव ग्रीनवुड या कृष्णवर्णीय वस्तीत घुसला आणि सुमारे ३५ चौक जाळून गेला. कृष्णवर्णीयांनी प्रतिकार केला, गोळीला गोळीने उत्तर दिले, हे खरे. पण जळली ती त्यांचीच वस्ती. सरकारी मोजणीत मृत ३६. अभ्यासकांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. या खुनांसाठी आणि जाळपोळीसाठी एकही गोरा तुरुंगात गेला नाही. वृत्तपत्रांनी या सगळ्याला दिलेले नाव : रायट.

हा शब्दच्छल नव्हे. त्या काळच्या विमा पॉलिसींत दंगलीतील नुकसान वगळलेले असे. ग्रीनवुडमध्ये विल्यम रेडफर्न या गोऱ्या मालकाचे नाट्यगृह आणि हॉटेल जळाले. तो भरपाईसाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२६ साली ही दंगलच होती म्हणून हरला. गोऱ्याची ही गत, तर बाकीच्यांचे काय झाले असेल! ज्या शब्दाने बातमी छापली त्याच शब्दाने दावेही बुडाले.

दुसरा शब्द छापणार कोण? 'टल्सा स्टार' हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र त्याच आगीत गेले. त्याचे संपादक ए. जे. स्मिदरमन यांच्यावर उलट दंगल चिथावल्याचा आरोप ठेवला गेला; तो रद्द व्हायला २००७ साल उजाडले. त्याआधी १८९८ साली विल्मिंग्टनमध्ये गोऱ्या जमावाने निवडून आलेला नगरकारभार उलथवला. त्या दिवशी आधी जाळली ती 'डेली रेकॉर्ड' या कृष्णवर्णीय पत्राची कचेरी. तिथेही नाव 'रेस रायट'च पडले.

शब्दाचा रोख पुढे आणखी फिरला. १९६५ नंतर वॉट्स, डेट्रॉईट येथील कृष्णवर्णीयांच्या उद्रेकांना हाच शब्द लागला. मग 'टल्सा रायट' वाचणाऱ्या नव्या पिढीला वाटू लागले की तेव्हाही यांनीच काही केले असणार. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००१ साली अहवाल दिला, तोवर आयोगाच्या नावातही 'रायट' होतेच. शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगाने २०१८ साली आपल्या नावातून तो शब्द काढून 'हत्याकांड' घातले.

प्रस्थापितांना दोष देऊन मोकळे होता येत नाही. आयडा वेल्स या झुंजार पत्रकार बाईंनी अर्कान्सामधील १९१९ च्या कत्तलीवर पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातही 'रेस रायट' आहे. आणि आपण? २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अत्याचार विरोधी समितीने १९७९ साली इंग्रजीत जो अहवाल प्रसिद्ध केला त्याच्या मथळ्यात 'रायट्स' आहे. आत वर्णन आहे ते हल्ल्यांचे. आपल्या सभांतून, प्रबंधांतूनही 'मराठवाडा दंगल' हेच नाव रुळले आहे. मीही तेच लिहीत आलो.

माझ्या वडिलांच्या तोंडी मात्र 'घरं जाळली तवा' असेच येते. जळली आणि जाळली यांत एका कान्याचा फरक. जळली म्हटले की विषय संपतो. जाळली म्हटले की कोणी, हा प्रश्न उभा राहतो आणि गावात त्या प्रश्नाला नावे असतात.

त्या वर्गाचे गुण आता बदलता येत नाहीत. यंदा तोच उतारा पुन्हा देणार आहे आणि त्याआधी फळ्यावर तो काना काढून दाखवणार आहे.